कंपनीचं बटण, बाहेरच्या ग्रिप्स: गरम हँडलच्या एका जोडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या रायडरला मी नुसतं ताई म्हणणार आहे. नाव, गाव, गाडीचं मॉडेल यातलं काही लिहायचं नाही, असं त्यांनीच सांगितलंय. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितो.

ताईंना थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास आहे. पांढरी म्हणजे अक्षरशः खडूसारखी. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली या त्रासाचं वर्णन केलं, तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गारठा लागला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि टोकापर्यंत रक्त पोचेनासं होतं. सततच्या थरथरीनेही हा त्रास वाढतो. मोटरसायकलच्या हँडलवर दोन्ही गोष्टी एकदम मिळतात: समोरून वारा आणि आतून थरथर.

जाड हातमोजे त्यांनी वापरून पाहिले होते. पण मोजे उष्णता धरून ठेवतात, तयार करत नाहीत. बोटांत रक्तच नसेल तर धरून ठेवायला आत काही उरत नाही. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ब्रेकचा लिव्हर दाबला गेलाय की नाही ते बोटांना कळत नाही रे. गाडी हळू झाली की मग कळतं." ते ऐकल्यावर हे काम पुढच्या थंडीवर ढकलायचं नाही, असं मी ठरवलं.

गाडी मधल्या ताकदीची, लांब पल्ल्याची. ऍक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे केबल नाही. मूठ फिरवली की सेन्सर वाचतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर थ्रॉटल उघडतो. डाव्या स्विच असेंब्लीवर मुठीचं चित्र आणि त्यावर वाफेच्या तीन रेघा असलेलं एक बटण कंपनीतूनच आलेलं. ते दाबून काहीच व्हायचं नाही, कारण या गाडीला गरम ग्रिप्स, म्हणजे विजेवर तापणाऱ्या मुठी, बसवलेल्याच नव्हत्या. बऱ्याच कंपन्या स्विच असेंब्ली आणि वायरिंग सगळ्या व्हेरियंटना एकच ठेवतात. त्यामुळे बटण असतं, टाकीखाली दोन कपलरही (तारा जोडायचे प्लग) टोप्या लावून बांधून ठेवलेले असतात, नसतात त्या फक्त ग्रिप्स.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता उत्तर सोपं होतं: कंपनीच्या ग्रिप्स घ्या, कपलर जोडा, संपलं. पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीवर ताईंनी त्या ग्रिप्स धरून पाहिल्या होत्या. बारीक आणि कडक. थरथर थेट तळहातात येते. त्यांना हवी होती जाड आणि मऊ रबराची मूठ, आणि ती दुसऱ्या एका उत्पादकाच्या गरम ग्रिप्समध्ये मिळत होती.

त्या ग्रिप्ससोबत स्वतःचा कंट्रोलर येतो. क्लच लिव्हरच्या बाजूला लावायची छोटीशी डबी, तिच्यावर अधिक आणि उण्याची दोन बटणं. ती वाईट नाही. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की स्वतः बंद होण्याची सोयही तिच्यात असते. पण बटणं नखाएवढी. जाड मोजा, त्यात बधिर बोट, म्हणजे दर वेळी मान खाली घालून पाहावं लागणार. कंपनीचं बटण अंगठ्याखाली येतं आणि लेव्हल समोर डिस्प्लेवर दिसते. ताईंची मागणी स्पष्ट होती: ग्रिप्स बाहेरच्या, बटण कंपनीचं.

मला सुरुवातीला हे काम दोन कपलरांचं वाटलं होतं. तिथेच माझा अंदाज चुकला. ते बटण दिव्याच्या स्विचसारखं नाही. ते दाबलं की कॅन बसवरून, म्हणजे बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या त्या दोन तारांच्या संदेश-व्यवस्थेवरून, एक निरोप जातो. तो निरोप एक कंट्रोलर वाचतो आणि ग्रिप्सना करंट देतो. दिलेला करंट परत किती वाहतोय हेही तो पाहत असतो. ग्रिप्स बाहेरच्या लावायच्या म्हणजे त्या कंट्रोलरला पटतील अशा लावायच्या.

समोर असलेले पर्याय

पहिला, कंपनीच्या ग्रिप्सच घेऊन त्यांच्यावर मऊ फोमचं आवरण चढवणं. फोम उष्णता अडवतो. ज्यासाठी सगळा खटाटोप, तेच निम्मं वाया. तो लगेच बाद केला.

दुसरा, बाहेरच्या ग्रिप्स त्यांच्या डबीसकट, फ्यूज टाकून बॅटरीवर. विद्युत दृष्टीने सगळ्यात बिनधोक. ताईंनी सहकार्य म्हणून "चालेल" म्हटलं, पण चेहऱ्यावरून चालणार नाही हे दिसत होतं.

तिसरा, ग्रिप्सना बॅटरीवरून स्वतंत्र करंट द्यायचा आणि कंपनीच्या कंट्रोलरकडून फक्त इशारा घ्यायचा. अनेक जण इथे साधा रिले सुचवतात. इथे थांबून विचार करावा. कंट्रोलर उष्णता कमी-जास्त करतो ती व्होल्टेज कमी-जास्त करून नव्हे. तो करंट झपाट्याने चालू-बंद करत राहतो. लो लेव्हलला चालू कमी वेळ, बंद जास्त वेळ. साध्या रिलेची पट्टी त्या तालावर थडथडायला लागते आणि संपर्क जळतात. हाय लेव्हलला सगळं ठीक वाटतं, कारण तिथे करंट सलग असतो. लो लावलं की खरा प्रकार कळतो. हा मार्ग घ्यायचाच तर रिलेच्या जागी मॉसफेटवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच हवा. करता येतं, पण गाडीत आणखी एक हाताने बनवलेली वस्तू वाढते. आणि कंट्रोलरला ग्रिप्सचा भार दिसत नाही म्हणून तो तक्रार करणार, ती वेगळीच.

चौथा, बाहेरच्या ग्रिप्स थेट कंपनीच्या कपलरांना. आम्ही हाच घेतला. कारण सुटसुटीत होता: इंजिन स्टार्ट करताना ग्रिप्सचा पुरवठा आपोआप तुटणं, बॅटरी उतरली की भार कमी होणं, चावी काढली की बंद होणं, ही सगळी राखण कंपनीने आधीच करून ठेवलेली आहे. ती वापरता आली तर सोडायची कशाला?

पहिला निर्णयबिंदू: काळी तार कुठे

ग्रिप्सच्या पत्रकात लिहिलं होतं, लाल तार कंट्रोलरला, काळी अर्थला. नव्वद टक्के जोडण्यांत आपण हेच करतो, हात सवयीने चॅसीच्या बोल्टकडेच जातो. माझाही गेला होता. पण त्याआधी टेस्ट लॅम्प लावून पाहायची सवय आहे, ती इथे कामी आली.

चावी चालू, गरम ग्रिपचं फीचर बंद. टेस्ट लॅम्पचा चिमटा चॅसीला लावला आणि टोक उजव्या कपलरच्या पहिल्या पिनला टेकवलं. दिवा लख्ख लागला. फीचर बंद असताना! म्हणजे प्लस तिथे कायम आहे आणि कंट्रोलर बसलाय तो अर्थच्या बाजूला. तो अर्थची वाट उघडतो-मिटतो.

आता समजा मी काळी तार पत्रकाप्रमाणे चॅसीला बांधली असती, तर कंट्रोलर बाजूलाच राहिला असता. चावी फिरवली की ग्रिप्स पूर्ण ताकदीने तापल्या असत्या आणि बटणाने बंदही झाल्या नसत्या. धडधाकट हाताला ते चटकन कळेल. ताईंच्या बधिर बोटांना कळलं नसतं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी नेमकं यावरच बजावलं होतं: बधिर झालेल्या हाताला कडक उष्णता लावू नका, भाजलं तरी समजणार नाही. सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा काढून पाहिला, त्यातही तेच. दोन मिनिटांचं काम होतं ते.

दुसरा निर्णयबिंदू: लुकलुकणारं चिन्ह

फीचर सर्व्हिस सेंटरमध्ये डायग्नोस्टिक टूल लावून चालू करून घ्यावं लागलं. मेनूत ग्रिपचं चिन्ह आलं. मी दोन्ही ग्रिप्सना कपलर बसवून घेतले, त्या हँडलवर नुसत्या सरकवल्या, गोंद लावला नाही, आणि इंजिन चालू करून बटण दाबलं. चिन्ह उमटलं. ताईंनी दोन्ही मुठी धरल्या. वीसेक सेकंदांनी चिन्ह लुकलुकायला लागलं आणि विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मुठी गारच.

इथे मी चुकलो, आणि ती चूक एका पूर्ण रविवारची होती. मी कंट्रोलरवर संशय घेतला, मग टूलने केलेल्या सेटिंगवर, मग कपलरच्या पिनांवर. पिना साफ केल्या, फ्यूज बदलला. ग्रिप्सचा रोध मात्र मोजला नाही, कारण त्या नव्याकोऱ्या होत्या, पाकिटातून काढलेल्या. नवी वस्तू बिघडलेली नसणार, हा विचार बरोबरच होता. प्रश्न बिघाडाचा नव्हताच, मेळ बसण्याचा होता.

संध्याकाळी शेवटी मल्टिमीटर काढला. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून पाहिल्या: ०.३ ओम. हा तारांचा स्वतःचा रोध. इतके लहान आकडे मोजताना तो वजा केला नाही तर हिशेबच चुकतो. एक ग्रिप ७.१ दाखवत होती, म्हणजे खरी ६.८ ओम. दुसरी तेवढीच.

मॅन्युअलमध्ये कंपनीच्या ग्रिप्सची नोंद होती: दोन्ही मिळून ३.६ ते ४.२ ओम. नकाशात त्या एकामागे एक, मालिकेत जोडलेल्या. प्लस उजव्या ग्रिपला, तिथून डाव्या ग्रिपला, तिथून कंट्रोलरला. म्हणजे एकेक ग्रिप दोन ओमच्या आसपास. माझ्या ग्रिप्स बनवल्या होत्या समांतर जोडणीसाठी, आणि मी त्या कंपनीच्या कपलरांत घालून नकळत मालिकेत लावल्या होत्या. ६.८ अधिक ६.८, झाले १३.६ ओम. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला जेमतेम १ अँपिअर. दोन्ही मिळून १४ वॉट. कंट्रोलरला साडेतीन अँपिअरची अपेक्षा, त्याला दिसतोय एक. त्याने तार तुटली असा निष्कर्ष काढून पुरवठा बंद केला. त्याचं अगदी बरोबर होतं.

तिसरा निर्णयबिंदू: किती भार टाकायचा

समांतर जोडलं की रोध होतो ३.४ ओम. १३.८ भागिले ३.४, म्हणजे ४.०६ अँपिअर, ५६ वॉट. कंपनीच्या ग्रिप्स ३.९ ओम धरल्या तर ३.५ अँपिअर, ४९ वॉट. माझा भार साधारण १५ टक्क्यांनी जास्त.

यावर ताईंशी बसून बोललो. "फ्यूज साडेसात अँपिअरचा आहे ना? मग चार चालतील की," त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. पण फ्यूज तारांना आग लागू नये म्हणून असतो. कंट्रोलरमधला ट्रान्झिस्टर किती करंट किती वेळ सोसेल, हे फ्यूजवर लिहिलेलं नसतं आणि मॅन्युअलमध्येही नव्हतं. शिवाय तो कंट्रोलर एकट्या ग्रिप्सचा नाही. हॉर्न आणि इंडिकेटरही त्याच डबीतून चालतात. ग्रिप्सपायी इंडिकेटर गमावणं परवडणारं नव्हतं.

म्हणून समांतर जोडणीच्या वाटेत एक रेझिस्टर टाकायचं ठरलं: ०.४७ ओम. एकूण झाले ३.८७ ओम, करंट ३.५७ अँपिअर. कंपनीच्या मर्यादेच्या ऐन मध्ये. त्या रेझिस्टरमध्ये ६ वॉट उष्णता वाया जाते, हे खरं. म्हणून २५ वॉटचा, ॲल्युमिनियमच्या कवचाचा घेतला आणि स्टिअरिंगच्या मागे चॅसीच्या धातूच्या पट्टीला स्क्रूने आवळला, म्हणजे उष्णता लोखंडात जाईल. प्लॅस्टिकला किंवा वायरिंगच्या जुडग्याला टेकू द्यायचा नाही. ग्रिप्सना उरले सुमारे ४३ वॉट. ते पुरतील का, याची मला तेव्हा खात्री नव्हती. पुरले.

आता तारा. कंपनीचं वायरिंग कापायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं, म्हणून मध्ये बसणारा अडॅप्टर केला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली, ती सविस्तर सांगतो. उजव्या कपलरची दुसरी पिन आणि डाव्या कपलरची पहिली पिन यांना जोडणारी कंपनीची एक तार टाकीखाली आधीच आहे. मालिकेतला तो दुवा. अडॅप्टरमध्ये उजव्या कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या की तोच दुवा प्लस घेऊन डावीकडे जातो. डाव्या ग्रिपला प्लस मिळाला, नवी तार न टाकता. आता फक्त उजव्या ग्रिपची परतीची तार डावीकडे न्यायची राहिली. दोन्ही कपलर टाकीच्या पुढच्या टोकाखाली शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे ती वीतभर तार. दोन्ही ग्रिप्सच्या परतीच्या तारा एकत्र, मग रेझिस्टर, मग डाव्या कपलरची दुसरी पिन, तिथून कंट्रोलर. सोल्डर, त्यावर गोंदवाली हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळते ती नळी), आणि जोड ताणाखाली येणार नाही अशा ठिकाणी टाय.

बटण दाबलं. चिन्ह उमटलं आणि टिकलं. क्लॅम्प मीटरवर हाय लेव्हलला ३.५ अँपिअर.

लो लेव्हलला मल्टिमीटर ४.१ व्होल्ट दाखवत होता. इथे एक हिशेब बहुतेक जण चुकतात म्हणून सांगतो. ४.१ चा वर्ग करून रोधाने भागलं तर जोडणीत जेमतेम सव्वाचार वॉट येतात आणि वाटतं, एवढ्याने काय होणार. पण ते ४.१ म्हणजे सरासरी आहे. प्रत्यक्षात जोडणीला पूर्ण व्होल्टेजच मिळतो, फक्त तीस टक्के वेळ. म्हणून पूर्ण वॉटचे तीस टक्के धरायचे: ४३ वॉटचे जवळपास १३. लो लेव्हल खरोखरच उपयोगी होती.

चौथा निर्णयबिंदू: उजवी मूठ

विजेचं जुळलं याच्या आनंदात गोंद लावून मोकळं व्हावं असं वाटत होतं. तसं केलं नाही याचं मला आजही समाधान आहे.

उजवी मूठ फिरते. तिच्यातून निघणारी तार तिच्यासोबत फिरते. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, आणि मी हँडल सावकाश पूर्ण डावीकडे वळवलं. उजवं टोक टाकीपासून लांब गेलं, ग्रिपची तार ताणली गेली, आणि इंजिनाचा आवाज चढला. हात मुठीवर नसताना. तारेने मूठ ओढून रेस दिली होती.

हेच रस्त्यावर, अरुंद जागेत वळताना झालं असतं तर काय, हे वाचणाऱ्यालाही कळेल. ताई बाजूलाच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, किल स्विचचं लाल बटण दाबून त्यांनी इंजिन बंद केलं.

तार बाहेर पडण्याची जागा ठरवायला त्यानंतर तासभर दिला. मूठ पूर्ण बंद असताना तार पुढे आणि खाली निघावी. पूर्ण उघडल्यावर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला अडकू नये. मध्ये बोटभर नव्हे, चांगला दहा सेंटिमीटरचा सैल वळसा असावा, आणि तो वळसा लिव्हरच्या मार्गात येऊ नये. खडूने मुठीवर आणि हाउसिंगवर खुणा केल्या. मग डावीकडे टोकाला, उजवीकडे टोकाला, मध्ये, तिन्ही ठिकाणी मूठ उघडून सोडून पाहिली. सोडली की ती टकदिशी मिटली पाहिजे. सावकाश मिटणं म्हणजे नापास.

तिसऱ्या वेळी ती सावकाश मिटली. कारण वेगळंच निघालं: नवी ग्रिप मूळ ग्रिपपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब होती आणि हँडलच्या टोकाला बसवलेल्या वजनाला घासत होती. साधी ग्रिप असती तर ब्लेडने कापली असती. गरम ग्रिपच्या रबरात तापणारी तार असते, ती कापता येत नाही. हँडलच्या टोकाला पातळ वॉशर घालून वजन बाहेर सरकवलं आणि दोन मिलिमीटरची फट ठेवली. लांबी खरेदीआधी मोजायला हवी होती.

मग गोंद. उष्णता सोसणारा, ग्रिप्ससाठीचा, तोही थोडाच आणि नळीच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर. ग्रिप आत सरकवताना गोंद पुढे ढकलला जातो आणि जास्त असेल तर ऍक्सिलरेटरच्या हाउसिंगमध्ये शिरतो. रात्रभर सुकू दिला. सकाळी मूठ पुन्हा सगळ्या कोनांत तपासली, मगच गाडी बाहेर काढली.

निष्पत्ती

त्यानंतरच्या थंडीत ताई पहाटेच्या लांब फेऱ्यांना गेल्या. चिन्ह एकदाही लुकलुकलं नाही. इंडिकेटर, हॉर्न ठीक. लांब फेरीनंतर रेझिस्टरला हात लावून पाहिला तर कोमट होता.

बोटांबद्दल त्यांचेच शब्द: "पांढरी पडायचा अधूनमधून प्रयत्न करतात, पण पडत नाहीत." हात गार झाल्यावर हाय लावायचं नाही, असं त्यांनी ठरवून घेतलंय. इंजिन चालू केलं की लगेच, हात अजून उबदार असतानाच मधली लेव्हल, आणि रस्त्याला लागल्यावर लो. अंगठ्याखाली बटण असल्याने हे सहज होतं. हाय त्यांनी पूर्ण मोसमात दोनदाच लावलं.

एक उणीव राहिली. डावी मूठ मागे राहते. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलं तर पाच मिनिटांनी उजवी ३८ अंशांवर होती, डावी ३१ वर. उजवी प्लॅस्टिकच्या नळीवर बसते, डावी थेट धातूच्या हँडलवर, आणि धातू उष्णता ओढून घेतो. पंधरा मिनिटांनी फरक बराच मिटतो, पण सुरुवातीची तीच पंधरा मिनिटं ताईंना महत्त्वाची असतात.

पुन्हा करायचं झालं तर

ग्रिप्स मागवण्याआधीच मॅन्युअलमधून कंपनीच्या ग्रिप्सचा रोध आणि जोडणी पाहीन. मालिकेसाठी दोन-दोन ओमच्या ग्रिप्स मिळाल्या असत्या तर अडॅप्टर, रेझिस्टर काहीच लागलं नसतं. हा शोध मी नंतर घेतला, आधी घ्यायला हवा होता.

डाव्या हँडलवर ग्रिप चढवण्याआधी जाड हीट-श्रिंक स्लीव्हचा थर देईन. आता ग्रिप चिकटलेली आहे, आणि ती काढताना फाटायची शक्यता मोठी. तिची झीज होऊन बदलायची वेळ येईल तेव्हा ते करायचं ठरलंय.

रेझिस्टर टाकी न उतरवता हाताला लागेल अशा जागी लावीन. सध्या तो तपासायला टाकीचे दोन बोल्ट काढावे लागतात, त्यामुळे तपासणं पुढे ढकललं जातं.

सर्व्हिस सेंटरला बाहेरच्या ग्रिप्सबद्दल आम्ही आधीच सांगितलं होतं, ते मात्र पुन्हाही तसंच करीन. त्या सर्किटची वॉरंटी राहणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. ताईंनी वाचून सही केली. उद्या वाद झाला तर कुणीच अंधारात नसेल.

आणि एक गोष्ट काम संपल्यावर आठवड्याने सुचली. उद्या कुणी मेकॅनिकने चांगल्या हेतूने कंपनीच्या ग्रिप्स आणून या अडॅप्टरला जोडल्या, तर त्या दोन-दोन ओमच्या ग्रिप्स समांतर होतील. रेझिस्टर धरूनही करंट साडेनऊ अँपिअर. साडेसातचा फ्यूज उडेल, पण थोड्याच जादा करंटला फ्यूज उडायला वेळ लागतो, आणि त्याआधी कंट्रोलर वाचेल याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून अडॅप्टरच्या तारांवर पिवळी पट्टी गुंडाळली, जोडणीचा नकाशा कागदावर काढून लॅमिनेट केला आणि सीटखाली टूलकिटच्या झाकणाला आतून चिकटवला. नकाशाच्या वर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: "मूळ ग्रिप्स लावायच्या असतील तर आधी पिवळी पट्टी असलेला अडॅप्टर काढा."